नर्सिंग की रेडिओग्राफी: निवड कशी करावी

निवड करताना सर्वांत आधी एक गोष्ट पडताळावी: एकाच आजारी माणसाजवळ आपण किती वेळ राहू शकतो. वॉर्डातील परिचारिकेकडे आठ किंवा बारा तासांच्या पाळीत बहुधा तेच रुग्ण असतात. रेडिओग्राफरकडे साध्या एक्स-रेसाठी आलेला रुग्ण काही मिनिटांत बाहेर पडतो आणि दुसरा आत येतो. पगार आणि बढतीची चौकशी जरूर करावी. परंतु काही वर्षांनी या कामाचा कंटाळा येतो तो बहुधा या एका फरकातून, असे माझे मत आहे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलताना परिचारिका त्याच्या टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा तपासते, लालसर भागावर बोट दाबते, आणि दाबानेही लाली फिकी पडली नाही, तर शय्याव्रणाची (सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात ओळखून नोंद करते. छातीचा एक्स-रे काढताना रेडिओग्राफर रुग्णाचे खांदे पुढे वळवून घेतो, म्हणजे खांद्यांची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. रुग्णाला उभे राहता येत नसेल, तर समोरून प्रतिमा घ्यावी लागते, आणि तीत हृदय प्रत्यक्षाहून मोठे दिसत असल्याने ती कशी घेतली हे नोंदवावेच लागते. (दिवसभर ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हणत आवाजातला मऊपणा टिकवणे हेही एक कौशल्यच आहे.)

स्थैर्याच्या बाबतीत नर्सिंगचे पारडे जड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या, तरीही ५८ लाखांची कमतरता होती. शिवाय वॉर्ड झेपेनासा झाला, तर डायलिसिस, शस्त्रक्रियागृह, शाळा किंवा अध्यापन असे मार्ग खुले राहतात. रेडिओग्राफी यंत्राशी बांधलेली आहे. यंत्र नाही तेथे नोकरीही नाही. मात्र सीटी, एमआरआय किंवा मॅमोग्राफीत (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत) हात बसलेल्या माणसाला सहसा मागणी राहते. संगणक प्रतिमा वाचू लागल्याने हे काम संपेल, ही भीती मला अतिरंजित वाटते, कारण कण्हणाऱ्या रुग्णाचा मोडका हात योग्य कोनात ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते.

किरणोत्सर्गाच्या धास्तीने रेडिओग्राफी नाकारू नये. कर्मचाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला जास्तीत जास्त २० मिलिसिव्हर्टची (मिलिसिव्हर्ट हे किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) आहे आणि छातीवरील बॅजवरून मात्रा मोजली जाते. उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा साधारण चौथाईवर येते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण तेथील चुंबक सतत चालू असल्यामुळे लोखंडी वस्तू आत नेणे जीवघेणे ठरू शकते. नर्सिंगमधले धोके वेगळे आहेत: रुग्ण उचलून दुखावलेली कंबर, सुई टोचणे आणि रात्रपाळ्यांनी बिघडलेली झोप. रात्रपाळी मोठ्या रुग्णालयातील रेडिओग्राफरलाही चुकत नाही.

प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी रुग्णालयाची परवानगी काढून दोन्ही विभागांत एकेक पूर्ण पाळी, शक्यतो रात्रीची, बसून पाहावी. त्याच वेळी अभ्यासक्रमाला नोंदणी परिषदेची मान्यता आहे का आणि परदेशी जायचे असल्यास तेथे कोणती परीक्षा द्यावी लागते, याची लेखी माहिती मिळवावी.