कॉलेज ऑफिसात स्कॅनिंग सॉफ्टवेअर कसं बसवावं: आधी ड्रायव्हर, मग बाकी सगळं

‘स्कॅनर दिसत नाही ना, मग पीसी फॉरमॅट मारा.’ हा सल्ला मी इतक्या ऑफिसांत ऐकला आहे की आता खरंच राग येतो. फॉरमॅट मारल्यावर स्कॅनर दिसेलच असं नाही. हेड क्लार्कच्या डेस्कटॉपवरची रोस्टरची फाइल मात्र हमखास जाते. गेली चौदा वर्षं मी सातारा-सांगलीकडच्या अनुदानित कॉलेजांत हे काम करते आहे. प्रवेश अर्ज, एलिजिबिलिटीचे कागद, सेवापुस्तकं, जनरल रजिस्टर, नॅकच्या फायली असं सगळं कधी ना कधी स्कॅनरखाली येतं. स्कॅनर अडला की खिडकीबाहेर पोरांची रांग थांबते.

उदाहरणासाठी ‘नॅप्स-टू’ (NAPS2) हे स्कॅनिंग सॉफ्टवेअर घेते. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, पीडीएफ बनवतं आणि मराठी मजकूरही ओळखतं. तुमच्या कॉलेजनं दुसरं काही विकत घेतलं असेल तरी क्रम हाच.

पायरी १: तयारी

ॲडमिनचा पासवर्ड, स्कॅनरचा नेमका मॉडेल नंबर आणि डिस्कवर जागा हे हाताशी असेल असं धरते. एकच गोष्ट सांगायला हवी. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विद्यार्थ्यांची आधार कार्डं आणि जातीचे दाखले ज्या पीसीवर येणार आहेत, तो जुन्या विंडोजवर इंटरनेटला जोडलेला असेल तर आधी त्याचं बघा.

पायरी २: ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हणजे विंडोजला स्कॅनरशी बोलता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम. इथे मी स्वतः तीन दिवस अडकले होते, तेही ऐन प्रवेशाच्या आठवड्यात. एका कॉलेजनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं, स्कॅनर जुनाच होता. विंडोजला स्कॅनर दिसत होता, कंपनीच्या स्वतःच्या छोट्या प्रोग्रामातून स्कॅनही येत होतं. नव्या सॉफ्टवेअरच्या यादीत मात्र तो नव्हताच. मी केबल बदलली, पोर्ट बदलला, ड्रायव्हर चार वेळा काढून टाकला, शेवटी पीसी फॉरमॅटसुद्धा केला. काहीही फरक पडला नाही. सॉफ्टवेअर ६४ बिटचं होतं आणि स्कॅनरचा ट्वेन ड्रायव्हर ३२ बिटचा (प्रोग्राम बनवण्याचे हे दोन वेगळे प्रकार), एवढंच कारण होतं. कळल्यावर दहा मिनिटांत काम झालं.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढे कधी फसणार नाही. विंडोजवर स्कॅनरशी बोलायचे मुख्य मार्ग दोन. एक ट्वेन, १९९२ पासूनचा. दुसरा डब्ल्यूआयए (विंडोज इमेज ॲक्विझिशन), मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा. ट्वेनमध्ये स्कॅनरचा ड्रायव्हर थेट तुमच्या प्रोग्रामच्या पोटात उघडतो. ६४ बिटच्या प्रोग्रामात ३२ बिटचा तुकडा उघडूच शकत नाही, त्यामुळे यादी रिकामी दिसते आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. डब्ल्यूआयए विंडोजची सेवा म्हणून वेगळं चालतं, प्रोग्राम तिच्याकडे नुसती मागणी करतो. म्हणून तिथे बिटचं भांडण होत नाही.

तुमच्याकडे काय आहे ते बघायला सी ड्राइव्हवरचा विंडोज फोल्डर उघडा. त्यात ‘ट्वेन ३२’ आणि ‘ट्वेन ६४’ अशा नावांचे फोल्डर असतात. स्कॅनर कंपनीचा उपफोल्डर फक्त पहिल्यात असेल, तर ड्रायव्हर ३२ बिटचाच आहे. जुन्या मॉडेलांसाठी कंपन्यांनी अनेकदा तेवढाच दिलेला असतो. मग सॉफ्टवेअरही ३२ बिटचं टाका, किंवा डब्ल्यूआयए वापरा. नॅप्स-टू ३२ बिटचा ट्वेन ड्रायव्हर आपण होऊन चालवतं. ड्रायव्हर फक्त ६४ बिटचा असेल तर प्रोफाइलच्या (एकदा ठरवून ठेवलेल्या स्कॅन सेटिंगच्या) ‘ॲडव्हान्स्ड’ भागात तसं निवडावं लागतं.

दुसरा चकवा याहून साधा, पण जास्त जणांना अडकवणारा. ‘प्रिंट येतेय ना मॅडम, म्हणजे ड्रायव्हर आहेच.’ नाही. प्रिंटर-स्कॅनर-झेरॉक्स एकत्र असलेल्या मशीनमध्ये प्रिंटचा ड्रायव्हर वेगळा आणि स्कॅनचा वेगळा. मशीन यूएसबीला लावल्याबरोबर विंडोज आपल्याकडचा प्रिंट ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. स्कॅनचा भाग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह पडून राहतो आणि तिकडे कुणी बघत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आणि तो मी कुणाच्याही घाईसाठी मोडत नाही. यूएसबी काढून ठेवायची. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा पूर्ण पॅकेज ड्रायव्हर घ्यायचा, नुसता ‘बेसिक’ किंवा ‘प्रिंट ओन्ली’ नाही. मोफत ड्रायव्हर शोधून देतो म्हणणाऱ्या साइटवरून तर कधीच घ्यायचा नाही, तिथून येणारा कचरा काढण्यात दुसरा दिवस जातो. सेटअप पुरा चालवायचा, तो सांगेल तेव्हाच केबल लावायची. केबल सीपीयूच्या मागच्या पोर्टला, हबमधून नाही. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपेक्षा लांब चालत नाही. टेबलं हलवली म्हणून वायरमनकडून केबल वाढवून घेतलेली मी पाहिली आहे, आणि तिथे स्कॅन अर्ध्यात तुटत होतं.

मग सॉफ्टवेअर टाकायच्या आधीच ‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’ उघडून एक पान स्कॅन करा. हे डब्ल्यूआयएवर चालतं. इथे पान आलं, तर स्कॅनर, केबल आणि विंडोजची सेवा तिन्ही ठीक आहेत, दोष पुढे शोधा. इथेच आलं नाही, तर सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज इमेज ॲक्विझिशन’ चालू आहे का ते बघा आणि ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. पीसी वेगवान करतो म्हणून कुणीतरी सेवा बंद करून गेलेलं असतं, त्यात हीही गेलेली असते. ही चाचणी झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

राहिला प्रश्न ट्वेन की डब्ल्यूआयए. काचेवर एकेक पान ठेवायचं साधं मशीन असेल तर डब्ल्यूआयए, डोक्याला ताप नाही. वरून गठ्ठा लावायचा दोन्ही बाजूंचा स्कॅनर असेल तर ट्वेनच. दोन पानं एकदम ओढली गेली तर ते ओळखून थांबण्यासारख्या सोयी बहुतेक मशीनवर ट्वेनमधूनच हाताळता येतात. प्रवेश अर्जांच्या गठ्ठ्यात ही सोय नसेल, तर कुणाचं तरी गुणपत्रक दुसऱ्याच्या पाठीमागे लपून जातं आणि कळतं वर्षभरानं.

पायरी ३: सॉफ्टवेअर टाकणं

सेटअप चालवा, ‘नेक्स्ट’ दाबत जा.

पायरी ४: सेटिंग

३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), बस. २०० वर जुन्या टंकलिखित कागदावरच्या मात्रा-वेलांट्या तुटतात आणि ६०० वर फायली विनाकारण फुगतात. ३०० डीपीआयला ए-४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. फाइल दाबून लहान (कॉम्प्रेस) करण्याआधी रंगीत पान साधारण २६ एमबी होतं, करड्या छटांचं पावणेनऊ आणि निव्वळ काळं-पांढरं सव्वा एमबीच्याही आत. साधा पत्रव्यवहार करड्या छटांत घ्या. शिक्का, फोटो किंवा जांभळी शाई असलेला कागद रंगीतच. निव्वळ काळं-पांढरं कायमच्या नोंदींसाठी मी वापरू देत नाही, फिक्या शिक्क्याचा त्यात पत्ता लागत नाही. शिष्यवृत्तीच्या पोर्टलला लहान फाइल लागते म्हणून मूळ स्कॅनच हलकं करू नका. मूळ नीट ठेवा, अपलोडपुरती वेगळी प्रत काढा.

‘कोरी पानं वगळा’ ही सोय बंद ठेवा. दाखल्याच्या पाठीवर एखादाच पुसट शेरा असतो आणि यंत्राला ते पान कोरं वाटतं. ट्वेनवर असाल तर कंपनीची खिडकी उघडण्याऐवजी प्रोफाइलमध्ये ठरवलेली सेटिंगच वापरा. नाहीतर आधीच्या माणसानं १०० डीपीआय करून ठेवलेलं असतं आणि पुढची दोनशे पानं तशीच जातात.

फाइल लहान करण्याच्या हव्यासाबद्दल एक गोष्ट प्रत्येक कार्यालय अधीक्षकांना माहीत असावी. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञांनी दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. बांधकामाच्या नकाशावरची खोल्यांची क्षेत्रफळं स्कॅनमध्ये वेगळीच आली होती. दोष जेबिग-टू या फाइल दाबून लहान करण्याच्या पद्धतीचा. ती सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एकच समजून एकाचा ठसा दुसऱ्याच्या जागी मारते, आणि ६ चा ८ होतो. पान पुसट किंवा खराब दिसत नाही, स्वच्छ दिसतं आणि चुकीचं असतं. कंपनीनं नंतर दुरुस्ती दिली. पण गुणपत्रक आणि जन्मतारखांच्या नोंदींसाठी ‘जास्तीत जास्त लहान’ असलं कुठलंही बटण दिसलं तर त्याला हात लावू नका.

साठवताना पीडीएफ/ए निवडा. दीर्घकाळ जपायच्या कागदांसाठीच हा प्रकार २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, त्यात फॉन्ट फाइलच्या आतच राहतात. फाइलचं नाव जनरल रजिस्टरच्या (जी.आर.) क्रमांकानं, इंग्रजी आकड्यांत आणि पुढे शून्यं लावून, म्हणजे ४१७ ऐवजी ००४१७. ‘नवीन स्कॅन’, ‘नवीन स्कॅन फायनल’ अशी नावं पहिल्याच दिवशी बंद करा.

पायरी ५: क्लार्कच्या लॉगिनवर चाचणी

बहुतेक जण ॲडमिन लॉगिनवर एक पान स्कॅन करून दाखवतात, सही घेतात आणि निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन. नॅप्स-टूची प्रोफाइलं त्या-त्या लॉगिनच्या फोल्डरात राहतात, म्हणून तुम्ही बनवलेलं प्रोफाइल क्लार्कला दिसतच नाही. तुम्ही जोडलेला सर्व्हरचा झेड ड्राइव्हही तुमच्याच लॉगिनपुरता असतो.

म्हणून प्रोफाइलांची फाइल इन्स्टॉलेशनच्या फोल्डरात ठेवा आणि तिथल्याच ॲपसेटिंग्ज फाइलमध्ये ती कुलूपबंद करा. मग प्रत्येक लॉगिनला तीच मिळतात आणि कुणाच्या हातून बदलत नाहीत. त्यानंतर लॉगआउट करा, क्लार्कला स्वतःच्या लॉगिननं बसवा आणि त्यांचाच खरा गठ्ठा लावायला सांगा. तुम्ही आणलेले कोरे, सरळ कागद नकोत. टाचण्या काढलेले, दुमडलेले, लांबी-रुंदी वेगळी असलेले तेच कागद हवेत. तुम्ही माऊसला हात लावू नका. वीस पानं त्यांच्या हातून सर्व्हरवर गेली आणि त्यांनीच उघडून पाहिली, की बसवणं झालं.

पायरी ६: मराठी ओसीआर

ओसीआर म्हणजे स्कॅनमधला मजकूर ओळखणं. त्याच्या यादीतून मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा उतरवून घ्या, आपल्या कागदांत दोन्ही मिसळलेल्या असतात. आतलं इंजिन टेसरॅक्ट आहे, छापील मराठी ते चांगलं वाचतं. हस्ताक्षर वाचत नाही. जनरल रजिस्टर हातानं लिहिलेलं असल्यानं त्यावर ओसीआर चालवण्यात वेळ घालवू नका, त्यासाठी क्रमांक, नाव आणि वर्ष यांची एक्सेल यादी करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या पत्रांना मात्र ओसीआरचा मोठा उपयोग. त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर अगम्य चिन्हं येतात. तेच छापून स्कॅन केलं की शोधता येईल असं युनिकोड मराठी मिळतं.

रजिस्टर फीडरमधून, म्हणजे गठ्ठा आपोआप ओढणाऱ्या भागातून, जात नाही. त्यासाठी पानं सुटी करू असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. मोठ्या काचेचा किंवा वरून फोटो घेणारा स्कॅनर भाड्यानं आणा, पण शिवण उसवू नका.

नंतरची देखभाल

तक्रारी ठरावीकच येतात. उभी काळी रेघ आली तर फीडरजवळच्या अरुंद काचेवर धूळ किंवा व्हाइटनर आहे, मऊ कापडानं पुसा. कागद एकदम ओढले जात असतील तर रोलर पुसा, झिजला असेल तर बदला. स्कॅनर अचानक नाहीसा झाला तर आधी विंडोज अपडेट झालं का विचारा, कंपनीचा ड्रायव्हर काढून त्यानं आपला साधा बसवलेला असतो. म्हणून चालणाऱ्या ड्रायव्हरची सेटअप फाइल, तारखेसह, सर्व्हरवर ठेवून द्या. कंपन्या जुन्या मॉडेलांचे ड्रायव्हर संकेतस्थळावरून काढून टाकतात.

जुनं झेरॉक्स मशीन थेट नेटवर्क फोल्डरात स्कॅन टाकत असेल आणि नवीन पीसी आल्यावर बंद पडलं असेल, तर कारण बहुधा एसएमबी-१. नेटवर्कवर फायली देण्याघेण्याची ही जुनी पद्धत २०१७ च्या विंडोज १० पासून मुळातच बंद येते. ती परत चालू करा असं सांगणारे खूप भेटतील. त्याच वर्षीचा वॉनाक्राय हा व्हायरस याच भोकातून पसरला होता. मशीनचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट होतं का बघा, नाहीतर यूएसबीनं एका पीसीला जोडा.

रोज संध्याकाळी दिवसाचे कागद आणि फायली मोजून वहीत टाका, दोन आकडे जुळले तरच गठ्ठा कपाटात जाऊ द्या. आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत काढा आणि ती डिस्क काढून प्राचार्यांच्या कपाटात ठेवा, पीसीला लावून नाही. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरच्या कुठल्याही पाच फायली उघडून मूळ कागदाशी ताडून बघा. जन्मतारीख आणि बैठक क्रमांक आकडा-आकड्यानं वाचा.