सूत्रसंचालन पुरे, खजिनदारपद मागा

बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, आमच्या वर्गात मुलीच जास्त होत्या. इंटर्नशिप संपवून दंतवैद्यकांच्या संघटनेच्या शाखेत पहिल्यांदा गेले, तर व्यासपीठावर सगळे सर. आमच्याकडे सूत्रसंचालन, पुष्पगुच्छ आणि रांगोळी. चार वर्षं मीही हौसेने माईक धरला. ‘मॅडमचं मराठी छान आहे हो’ एवढंच पदरात पडलं.

पाचव्या वर्षी खजिनदारपद मागितलं. हिशेबाची कटकट कोणालाच नको होती, त्यामुळे लगेच मिळालं. मग हॉलचं भाडं, जेवणाची ताटं, कंपन्यांच्या स्टॉलचे पैसे, सगळं माझ्या वहीतून जायला लागलं. सीडीईला, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या व्याख्यानाला, वक्ता कोण बोलवायचा, हे बैठकीत ठरायच्या आधीच फोन: “मॅडम, बजेटमध्ये बसतंय ना?” पुढे सचिव झाले, मग अध्यक्ष.

नुसत्या पदवीने खुर्ची मिळत नाही, हे जुनंच दुखणं. अमेरिकेत ल्यूसी हॉब्ज टेलर १८६६ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेणारी पहिली स्त्री ठरली. पण अमेरिकन डेंटल असोसिएशनला जेराल्डीन मॉरो ही पहिली महिला अध्यक्ष मिळायला १९९१ उजाडलं. सव्वाशे वर्षं! आपल्याकडे फातिमा जिना कलकत्त्याला दंतवैद्यक शिकल्या आणि १९२३ मध्ये मुंबईत त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला.

स्वतःच्या क्लिनिकमध्येही हेच. एकदा भर ओपीडीत एअरोटर, म्हणजे दात कोरायचं हवेवर चालणारं यंत्र, रडायला लागला. मेकॅनिक आला आणि म्हणाला, “साहेब कधी येतील? त्यांना समजावून सांगतो.” साहेब म्हणजे माझा नवरा, बँकेत नोकरीला, त्यांना काय कळणार! त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलं होतं. मीच खाली वाकून व्हॉल्व्ह उघडला, तांबूस पाणी फरशीभर. तेव्हापासून रोज रात्री टाकी रिकामी करते आणि देखभालीच्या करारावर सही माझीच. मुलींनो, यंत्रं आणि पैसे ही दोन खाती नवऱ्यावर किंवा सासऱ्यांवर सोडू नका.

अध्यक्ष झाल्यावर पहिलं काम केलं ते बैठकीच्या वेळेचं. रात्री साडेनऊची बैठक रविवारी सकाळी अकराला आणली. दोन ज्येष्ठ सर रुसले. पण लहान मुलं असलेल्या सात जणी पहिल्यांदाच आल्या. त्यातलीच एक आता खजिनदार आहे. सूत्रसंचालन एक ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे) सर करतात, बरं करतात. रांगोळीला मात्र अजून कोणी सर पुढे आलेले नाहीत.