रोखीचं काम, पक्का हिशेब

प्लंबर, सुतार, वायरमन, रंगारी: रोख घेणं गुन्हा नाही, लपवणं महागात पडतं. नंबर छापलेलं, कार्बनचं पावतीपुस्तक आणा. प्रत्येक पावतीवर तारीख, पत्ता, काम, मजुरी आणि माल वेगळा लिहा. कच्च्या चिठ्ठीवर भागवू नका. रोज रात्री वहीत उतरवा.

सगळ्यात मोठी चूक हप्त्यांत होते. दादरच्या फ्लॅटमधलं बाथरूमचं काम 2,40,000 रुपयांचं आणि पैसे 80,000च्या तीन रोख हप्त्यांत. वेगवेगळ्या दिवशी घेतले तरी व्यवहार एकच. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्यालाच, घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. मोठं काम चेक किंवा यूपीआयनेच घ्या.

सोसायटीचं काम तर लपतच नाही. एका बिलाचे 30,000च्या वर किंवा वर्षात 1 लाखाच्या वर गेले की टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापून तुमच्या पॅनवर नोंद होते. बचत खात्यात वर्षभरात 10 लाख रोख भरली, की बँकही आयकर विभागाला कळवते.

खरं तर लपवून मिळतं काय? छोट्या धंद्यांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या पद्धतीत (1961च्या आयकर कायद्यात 44एडी) रोख उलाढालीच्या किमान 8 टक्के, बँकेतून आलेल्याच्या 6 टक्के नफा दाखवायचा. खरा नफा जास्त असेल तर तोच. 18 लाख रोखीवर 8 टक्के म्हणजे 1,44,000. एवढ्याच उत्पन्नावर आयकर शून्य! उलाढाल 20 लाखांपुढे गेली की मात्र जीएसटी नोंदणी करा.

मागचं वर्ष राहिलंय? नोटिशीआधी अपडेटेड रिटर्न (मुदत संपल्यावरही भरता येणारं आयकर विवरणपत्र) भरा. उशीर वाढेल तसा जादा कर 25 टक्क्यांपासून चढत जातो.