एमआरएनए लशीतला दुपदरी आरएनए असा काढा

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या लॅबमध्ये लशीसाठी एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची कृती देणारा रेणू) बनवत असाल, तर किती मिलिग्रॅम मिळाला यापेक्षा त्यात दुपदरी (दोन साखळ्या जुळलेला) आरएनए किती राहिला ते आधी बघा. आरएनए बनवणाऱ्या टी७ पॉलिमरेज या एन्झाइमच्या अभिक्रियेत तो हमखास तयार होतो. पेशीतली एमडीए५ आणि टीएलआर३ ही पहारेकरी प्रथिनं त्याला विषाणू समजतात. विषाणूचा इशारा देणारा इंटरफेरॉन सुटतो, पीकेआर हा एन्झाइम प्रथिननिर्मिती रोखतो, आरएनेज एल हा दुसरा एन्झाइम आरएनए कापतो. अँटिजेन (लशीने पेशीत बनवून घ्यायचं प्रथिन) बनायच्या आतच लशीचा जोर ओसरतो.

आरएनएतल्या युरिडिन या घटकाच्या जागी पूर्णपणे त्याचं बदललेलं रूप, एन१-मिथाइलस्यूडोयुरिडिन वापरा. साधं युरिडिन असलेल्या क्युअरव्हॅकच्या कोविड लशीचा डोस १२ मायक्रोग्रॅमवर ठेवावा लागला आणि २०२१ मध्ये तिची परिणामकारकता ४८ टक्केच भरली. नवे व्हेरिएंटही त्याला कारण होते म्हणा, पण बदललेलं युरिडिन वापरणाऱ्या मॉडर्नाचा डोस १०० मायक्रोग्रॅम होता.

आता सफाई. बफर असा: हेपेस १० मिलिमोलर (पीएच ७.२), ईडीटीए ०.१ मिलिमोलर, सोडियम क्लोराइड १२५ मिलिमोलर, इथेनॉल १६ टक्के. स्पिन कॉलममध्ये ०.१४ ग्रॅम सेल्युलोज याच बफरने भिजवून धुवा. बफरमध्ये मिसळलेला ५०० मायक्रोग्रॅमपर्यंत आरएनए घाला, ३० मिनिटं हलवत ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये १४,००० जीला मिनिटभर फिरवा. दुपदरी आरएनए सेल्युलोजला चिकटतो आणि आपला माल, म्हणजे एकपदरी एमआरएनए, द्रवाबरोबर खाली उतरतो. सिलिका कॉलमची सवय असलेले नेमकं तेच द्रव ओतून देतात! ते आयसोप्रोपेनॉल आणि सोडियम अ‍ॅसिटेटने अवक्षेपित करा. साधारण तिसरा हिस्सा वाया जातो, तो गृहीतच धरा.

इथेनॉल कमी पडलं तर दुपदरी आरएनए निसटतो, जास्त झालं तर एकपदरीही चिकटतो. मे महिन्यात बाटली उघडी राहिली की प्रमाण बिघडतं, म्हणून बफर ताजाच बनवा.

तपासणीला दुपदरी आरएनए ओळखणाऱ्या जे२ अँटिबॉडीचा डॉट ब्लॉट (पडद्यावर नमुन्याचे थेंब टाकून करायची चाचणी) करा. पण ही अँटिबॉडी सुमारे ४० बेस-जोड्यांहून आखूड तुकडे पकडत नाही, आणि रिग-आय हे पेशीतलं आणखी एक पहारेकरी प्रथिन तर ५′ टोकाचा ट्रायफॉस्फेट ओळखतं. डाग दिसला नाही तरी ५′ टोकावर कॅप (टोपण) न बसलेला आरएनए शिल्लक असू शकतो, त्यासाठी फॉस्फेट काढणारा फॉस्फेटेज एन्झाइम लावा.

पेशींवरची चाचणी फक्त एचईके २९३ या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींवर उरकू नका. त्यांत आरएनए ओळखणारे टीएलआर ७ आणि ८ जवळपास नसतात, त्यामुळे गढूळ नमुनाही उत्तम दिसतो. मानवी डेंड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीला खबर देणाऱ्या) घ्या. २४ तासांनी प्रथिन, इंटरफेरॉन अल्फा आणि आयएल-६ (दाहाचा इशारा देणारं प्रथिन) एकत्र मोजा. तुलनेसाठी सोबत रिकामे (आरएनए न भरलेले) लिपिड कण आणि सफाई न केलेला आरएनए ठेवा. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आधीच तपासा, नाहीतर आयएल-६ चा आकडा भलतीकडे नेईल.

आयएल-६ शून्यावर आणायचा हट्ट मात्र नको. लशीच्या कणांतलं आयनायझेबल लिपिड स्वतःच तो वाढवतं आणि बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशी त्यातूनच जोमाने उभ्या राहतात. रिकाम्या कणांइतकी पातळी आली की पुरे.

पुण्याच्या जेनोव्हाच्या लशीसारखा स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए असेल, तर एन१-मिथाइलस्यूडोयुरिडिन सहसा टाळतात, कारण त्याने प्रती निघणंच अडतं. शिवाय तो पेशीत गेल्यावर दुपदरी आरएनए नव्याने बनवतो, तेव्हा सेल्युलोजचा उपयोग सुरुवातीच्या काही तासांपुरताच.