कंपनी सावरत नसताना साहेबांवर चिडणाऱ्या कर्मचाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

डबघाईला आलेली कंपनी सावरण्यासाठी नवा मुख्य कार्यकारी अधिकारी येतो, पहिल्याच सभेत दीड वर्षाचा आराखडा मांडतो, आणि वर्ष उलटायच्या आत कॅन्टीनमधल्या प्रत्येक टेबलावर केवळ त्याचाच विषय चालू असतो. मी खरेदी विभागात २२ वर्षे काढली आणि असे दोन प्रयत्न आतून पाहिले. त्यांतली एक कंपनी सावरली, दुसरी बंद पडली. दोन्हीकडे लोकांचा राग खरा होता आणि पुष्कळसा रास्तही होता. पगारवाढ गोठवलेली असताना सल्लागारांच्या गाड्या आवारात रांगेने उभ्या राहिल्या, तर कोणाचेही रक्त उसळेल. परंतु सगळा राग एका माणसावर खिळला की स्वतःच्या कागदपत्रांकडे आणि कंपनीच्या पैशाकडे पाहायला कोणालाच उसंत राहत नाही, आणि खरे नुकसान तिथे होते. नात्यातली, ओळखीतली तरुण मुले आजही मला फोन करून त्याच चुका सांगतात, म्हणून हे लिहीत आहे.

चेहरा वाचणे आणि फाटकाकडे पाठ फिरवणे

टाउनहॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, झाली की साहेबांनी कोणत्या प्रश्नाला बगल दिली, कोणाचे नाव घेतले, कोणाचे गाळले, याचा कीस दोन-दोन दिवस पाडला जातो. कंपनीत रोकड किती उरली आहे, हे मात्र भाषणातून कधीच कळत नाही. ते माल उतरतो त्या फाटकावर कळते.

पुढे बंद पडलेल्या त्या कंपनीत एका दुपारी वरच्या मजल्यावर ‘परिवर्तनाचा दुसरा टप्पा’ या विषयावर सभा चालू होती आणि मी खाली फाटकावर उभा होतो. आम्हाला १५ वर्षे बेअरिंग पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला होता. चालक खाली उतरला, पण त्याने ताडपत्रीच्या दोरीला हात लावला नाही. “शेठनी सांगितलंय, यूटीआर नंबर आल्याशिवाय माल उतरवायचा नाही,” एवढेच तो म्हणाला (यूटीआर म्हणजे बँकेतून पैसे पाठवल्याचा क्रमांक) आणि मोबाइल हातात धरून मागच्या चाकाजवळ सावलीत बसला. याच व्यापाऱ्याकडे आमची ६० दिवसांची उधारी चालत असे. ती आधी ३० दिवसांवर आली, मग पंधरवड्यावर, आणि त्या दिवशी रोकडीवर. बँकेतून आरटीजीएस व्हायला साडेतीन तास लागले आणि तोवर जुळणीची एक लाइन थांबून राहिली. सभा संपवून खाली आलेले सहकारी, बोनसच्या प्रश्नावर साहेबांनी उत्तर कसे टाळले, याविषयी तावातावाने बोलत त्या टेम्पोला वळसा घालून चहाला गेले. तो तिथे का उभा आहे, हे एकानेही विचारले नाही, आणि मीही कोणाला थांबवून सांगितले नाही, याची खंत मला अजून आहे.

चार महिन्यांनी पगार लांबला. तेव्हा कुठे आम्ही भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडून पाहिले, तर पगारपत्रकातून दरमहा कापलेली रक्कम सात महिने भरलीच गेली नव्हती. त्या सात महिन्यांत साहेबांच्या परदेशवाऱ्यांचा हिशेब मात्र आमच्या विभागात सर्वांना तोंडपाठ होता.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. दर महिन्याच्या २५ तारखेला उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडायचे, शेजारी गेल्या महिन्याचे पगारपत्रक ठेवायचे आणि दोन्ही आकडे जुळवायचे. एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणे मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे २५ तारखेपर्यंत ती दिसायला हवी. एखाद वेळी नोंदीला उशीर होतो, म्हणून एका महिन्यावरून मी ओरड करत नाही; सलग दुसऱ्या महिन्यात रक्कम दिसली नाही की आधी मनुष्यबळ विभागाला लेखी विचारणा आणि समाधानकारक उत्तर नसेल तर ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, पोर्टलवर तक्रार. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेली वर्गणी न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरतो, हे वरिष्ठांना चांगले ठाऊक असते. पगारातून कापलेल्या आयकराची पडताळणीही अशीच करावी. कंपनीने तिमाही विवरण भरल्यानंतर तो आयकर खात्याच्या पोर्टलवर, तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात दिसतो. दर महिन्याची ही दहा मिनिटे तरुणांना कंटाळवाणी वाटतात, आणि हीच मुले साहेबांच्या लिंक्डइन पोस्टखालच्या प्रतिक्रिया तासभर वाचत बसतात. हे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

माणूस गेला की संकट टळेल, असे मानणे

जेट एअरवेज या विमान कंपनीचे उदाहरण मुंबईतल्या हजारो घरांनी सोसले आहे. संस्थापक नरेश गोयल यांनी पायउतार व्हावे, अशी मागणी बरेच दिवस जोर धरून होती. २५ मार्च २०१९ रोजी त्यांनी संचालक मंडळ सोडले, आणि त्याच वेळी स्टेट बँकेच्या पुढाकाराने १,५०० कोटी रुपयांपर्यंतचे तातडीचे अर्थसाहाय्य मिळेल, असे जाहीर झाले. ती रक्कम ठरल्याप्रमाणे हाती आली नाही, आणि जेमतेम तीन आठवड्यांनी, १७ एप्रिलला रात्री, अमृतसरहून मुंबईला आलेले विमान कंपनीचे शेवटचे ठरले. मुख्य कार्यकारी अधिकारी विनय दुबे यांनी मे महिन्यात राजीनामा दिला. खुर्च्या रिकाम्या झाल्या. थकलेले पगार थकलेलेच राहिले.

म्हणून “साहेब कधी जाणार?” या प्रश्नाआधी “पैसा कोण आणणार, आणि तो कधी खात्यात येणार?” हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसेल, तर पहिल्याच्या उत्तराने तुमचे घर चालणार नाही.

संचालक मंडळाला रागाच्या भरात निनावी पत्र लिहिणे

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे विक्री आणि उत्पादन विभागातल्या काही मंडळींनी मिळून साहेबांविरुद्ध एक निनावी पत्र तयार केले. ते अकरा पानांचे होते. पहिल्या पानावर साहेबांचा अपशब्द वापरण्याचा स्वभाव, मग त्यांच्या केबिनमधले नवे फर्निचर, त्यांच्या जुन्या कंपनीतून आणलेली माणसे, आणि पुढे एका सल्लागार बाईंविषयी ऐकीव कुजबुज. नवव्या पानावर, दोन परिच्छेदांत, खरी गोष्ट होती: प्रत्येक तिमाहीच्या शेवटच्या दोन दिवसांत ग्राहकाची ऑर्डर नसलेला माल बाहेरगावच्या गोदामांत पाठवून विक्री दाखवली जात होती आणि पुढच्या महिन्यात तोच माल परत येत होता. ते नववे पान कोणी वाचले असेल, असे मला वाटत नाही. संचालकांनी पत्र ‘वैयक्तिक आकसाचे’ ठरवून साहेबांच्याच हाती सोपवले, आणि पुढचा महिनाभर पत्र कोणी लिहिले याचीच चौकशी चालली. ज्याचा त्या पत्राशी काडीचाही संबंध नव्हता, अशा डिस्पॅचमधल्या एका कारकुनाची बदली झाली.

सहा महिन्यांनी लेखा विभागातल्या एका बाईंनी त्याच विषयावर दुसरे पत्र दिले. ते एका पानाचे होते, त्यात साहेबांविषयी एकही विशेषण नव्हते. फक्त चौदा बीजकांचे क्रमांक, माल गेल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख. त्यांनी ते स्वतःच्या सहीने लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना पाठवले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या, किंवा बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपनीला दक्षता यंत्रणा, म्हणजे गैरप्रकारांची तक्रार करण्याची सोय, ठेवावी लागते, आणि गरज पडल्यास त्या समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाण्याची वाट तीत असावी लागते. त्या पत्रावर दहा दिवसांत गोदामांची प्रत्यक्ष मोजणी झाली.

सही करायला धैर्य लागते, आणि घर एकट्याच्या पगारावर चालत असेल तर कोणी सही करावी, असा आग्रह मी धरणार नाही. पण सही असो वा नसो, मी सांगतो तो क्रम पाळावा. आधी आकडे आणि तारखा एका कागदावर काढाव्यात, मग त्यांतून साहेबांच्या स्वभावाविषयीचा प्रत्येक शब्द खोडावा, आणि उरलेला मजकूर दोन दिवस खणात ठेवून तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचावा. इंटरनेटवरून तयार मसुदा उचलून रात्री अकरा वाजता पाठवून देणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे, की पाच मिनिटांत लिहिलेल्या तक्रारीवर समोरच्याने तपासाचे पाच दिवस का घालवावेत?

वाईट बातमी आपणच दडपणे

साहेबांना खरे ऐकायचे नसते, अशी तक्रार करणाऱ्यांचेच साप्ताहिक अहवाल अनेकदा गुळगुळीत असतात. फोर्ड कंपनीने २००६ साली १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसला. त्याच वर्षी आलेल्या अ‍ॅलन मुलाली यांनी दर गुरुवारच्या आढावा बैठकीत प्रत्येक कामाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायला सांगितले, तर एवढ्या तोट्यातही पुढे येणारे तक्ते हिरवेच होते. मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या मागच्या दारातला दोष लाल रंगात दाखवला, तेव्हा मुलाली यांनी टाळ्या वाजवल्या आणि मदत कोण करू शकेल, असे विचारले. सगळे साहेब असे नसतात, हे मी अनुभवाने जाणतो. काही जण लाल रंग दाखवणाऱ्याचाच बळी देतात. तरीही साठा संपत आला आहे, हे मी दर आठवड्याला तारीख घालून लेखी कळवत राहिलो, आणि लाइन थांबली तेव्हा दोष माझ्या विभागावर आला नाही.

काही चुका थोडक्यात

कंपनीच्या प्रवासाचा खर्च स्वतःच्या क्रेडिट कार्डावर करू नये. पगार लांबण्याआधी प्रवासबिले लांबतात.

गटविम्याचा हप्ता भरला गेला आहे का, हे पॉलिसीची मुदत विचारून दरवर्षी पाहावे, विशेषतः घरात वृद्ध आईवडील असतील तर.

विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साहेबांविषयी असे काहीही लिहू नये, जे उद्या छापून तुमच्यासमोर ठेवलेले तुम्हाला चालणार नाही.

मनुष्यबळ विभागाने आयता टाइप केलेला राजीनामा पुढे केला, तर तो घरी नेऊन वाचण्याचा वेळ मागावा, आणि वेळ देत नसतील तर सही करू नये.

रागाच्या भरात राजीनामा फेकण्याआधी नोकरीची तारीख पाहावी. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षे लागतात, आणि अवघे काही आठवडे उरलेले असताना, केवळ एका बैठकीत झालेल्या अपमानामुळे, प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराचा हक्क सोडून गेलेले दोघे मला ठाऊक आहेत.

कंपनी न्यायाधिकरणात गेली की सर्व संपले, असे समजणे

दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात प्रकरण दाखल करून घेतले गेले की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे जातो. ज्या साहेबांवर इतके दिवस चिडलो, ते त्या दिवसापासून तुमच्या थकबाकीच्या बाबतीत गौण ठरतात. तेव्हा वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, आणि कर्मचाऱ्याने आपला दावा ‘फॉर्म डी’मध्ये, तिच्यात दिलेल्या मुदतीत, पुराव्यांसह भरायचा असतो. पुढे अवसायनाची, म्हणजे कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकण्याची, वेळ आली, तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने मोजली जातात, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्यांच्या खालोखाल येतात, आणि भविष्य निर्वाह व ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम कंपनीच्या मालमत्तेत धरली जात नाही. जेटच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, म्हणजे शेवटच्या विमानानंतर साडेपाच वर्षांनी. इतका काळ जपून ठेवावे लागतील, या हिशेबाने कागद ठेवावेत.

आमच्या त्या कंपनीत पगारपत्रकांचे पोर्टल एका सोमवारी सकाळी उघडेनासे झाले, कारण ते चालवणाऱ्या संस्थेचे बिल थकले होते. त्याच आठवड्यात कार्यालयीन ईमेलही बंद झाला. दर महिन्याला पगारपत्रक उतरवून ते नेमणूकपत्र आणि वेतनवाढीच्या पत्रांसोबत घरी ठेवणारे आमच्या विभागात तिघेच होते. दावे भरायच्या दिवसांत बाकीचे बँकेच्या शाखेत रांग लावून जुन्या खातेउताऱ्यांच्या छापील प्रती मागत होते, आणि त्या उताऱ्यांत मूळ वेतन किती होते, हे कुठेच लिहिलेले नव्हते.