खान्देशात शनिवार-रविवारची सहल: या चुका टाळा

वैशाखात पाटणादेवीला धबधबा पाहायला जाणे ही खान्देशातल्या सहलींमधली सर्वांत जुनी चूक असावी, आणि ती मी स्वतः केलेली आहे. जळगावहून सकाळी सातला निघून आम्ही साडेदहाच्या सुमारास डोंगराच्या कुशीत पोहोचलो, तेव्हा केदारकुंडाच्या वाटेवरचे दगड हात टेकू देत नव्हते आणि जिथे पाणी कोसळते असे ऐकले होते तिथे कड्यावर वाळलेल्या शेवाळाचा काळा पट्टा तेवढा शिल्लक होता. परतताना चाळीसगावजवळच्या एका खानावळीत बसलो आणि हौसेने भरीत मागितले, तर गल्ल्यावरच्या आप्पांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "आते कथाईन आनू भरीत, भाऊ?" म्हणजे आता कुठून आणू भरीत? धबधबा हुकला आणि भरीतही हुकले, कारण सुट्टी कधी आहे हे आम्ही पाहिले होते, ऋतू कोणता आहे हे पाहिलेच नव्हते.

कोकणाचे वेळापत्रक इथे लावू नका

पुण्या-मुंबईकडून येणारे बहुतेक प्रवासी पावसाळी सहलीची तयारी जूनपासून करतात. खान्देश सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या बाजूला आहे. जूनमधला पाऊस इथे पेरणीलाच पुरला तर पुष्कळ, त्यामुळे ओढे-नाले भरून वाहायला आणि कड्यांवरून पाणी उतरायला बहुधा जुलैचा उत्तरार्ध उजाडतो. पाटणादेवीचे केदारकुंड आणि धवलतीर्थ, यावल तालुक्यातल्या आडगावजवळच्या मनुदेवीचा धबधबा आणि धुळ्याजवळचे लळिंग ही सगळी ठिकाणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाहावीत. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर हिरवळ मिळेल, पण धबधब्याची खात्री नाही. मे महिन्यात तर जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो. त्या दिवसांत जायचेच असेल, तर पाटणादेवीला चंडिकादेवीचे दर्शन सूर्य वर येण्यापूर्वी घेऊन दहाच्या आत परतीला लागावे.

पावसाळ्यातली चूक याच्या नेमकी उलट असते. मनुदेवीकडे येणारे पाणी सातपुड्यावरून उतरते, आणि मंदिराजवळ ऊन पडलेले असतानाही वरच्या डोंगरात सर येऊन नाल्याचे पाणी अचानक वाढू शकते. पाणी गढूळ झाले, त्यात काड्या-पाने वाहून येऊ लागली की छायाचित्र अर्धवट सोडून काठावर यावे. पाटणादेवीचा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, म्हणून दिवस मावळण्यापूर्वी जंगलातून बाहेर पडण्याचा नियमही पाळायला हवा. पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जंगलातून चालत जायचे मनात असेल, तर वन विभागाच्या नाक्यावर आधी विचारावे आणि वाट माहीत असलेला स्थानिक माणूस सोबत घ्यावा.

हिवाळा हा या भागातल्या सहलींचा खरा राजा आहे, आणि गंमत म्हणजे सर्वांत कमी प्रवासी नेमके तेव्हाच येतात. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवला गोमुखातून बारमाही गरम पाणी पडते. मे महिन्यात तिथे उभे राहणे ही शिक्षा वाटते, तर डिसेंबरच्या पहाटे त्या पाण्याखालून बाजूला व्हावेसे वाटत नाही. हतनूर धरणाच्या जलाशयावर स्थलांतरित पक्षी येतात तेही याच दिवसांत.

किलोमीटर मोजून दिवस आखू नका

तोरणमाळ, प्रकाशा आणि सारंगखेडा ही तिन्ही नावे शहादा परिसरात शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून तिन्ही एकाच दिवसात बसवण्याचा मोह होतो. प्रकाशाचा तापी-गोमाईचा संगम आणि तापीकाठचेच सारंगखेडा ही दोन सपाटीवरची ठिकाणे एका दिवसात आरामात होतात. तोरणमाळ मात्र सातपुड्यात सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या घाटात किलोमीटरला काही अर्थ उरत नाही. तोरणमाळसाठी मुक्काम करावा, म्हणजे यशवंत तलावावरची संध्याकाळ आणि सीताखाईची सकाळ दोन्ही पदरात पडतात. मुक्काम शक्य नसेल, तर तोरणमाळला त्या दिवशी दुसरे काहीच जोडू नये. इंधन शहाद्यातच भरावे, खिशात रोख रक्कम ठेवावी आणि वर मोबाइलला रेंज मिळेलच असे गृहीत धरू नये. उतरताना अंधार झाला तर घाटापेक्षा खालचा रस्ता मला अधिक भीतिदायक वाटतो, कारण गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि त्यांच्यामागे दिवा असेलच याचा भरवसा नसतो.

अजिंठा लेणी खान्देशात नाहीत, पण जळगावहून ती जवळ असल्यामुळे अनेकांच्या यादीत असतात. रविवारला जोडून सोमवारी रजा काढणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की सोमवारी लेणी बंद असतात.

गेल्या वर्षीची तारीख यंदा चालत नाही

खान्देशातले मोठे उत्सव तिथीने चालतात आणि सहलीचे बेत तारखेने ठरतात. घोळ इथेच होतो. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि प्रसिद्ध घोडेबाजार दत्तजयंतीच्या सुमारास भरतो. ही दत्तजयंती २०२३ मध्ये २६ डिसेंबरला, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला आली, म्हणजे दर वर्षी दहा-बारा दिवस ती अलीकडे सरकत गेली. अधिक महिना आला की सणांच्या तारखा पुन्हा पुढे ढकलल्या जातात, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे "यात्रा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात असते" असा अनुभवी सल्ला देणारे मित्र यंदा तुम्हाला रिकाम्या मैदानावर नेतील. बेत आखण्याआधी घरातली दिनदर्शिका उघडावी. जळगावचा रामरथ कार्तिकी एकादशीला निघतो आणि मुक्ताईनगर-चांगदेवची यात्रा महाशिवरात्रीच्या सुमारास असते. त्यांनाही हाच नियम लागू आहे. यात्रेच्या काळात सारंगखेड्यातच खोली मिळेल अशी आशा न धरता शहादा, दोंडाईचा किंवा नंदुरबार इथे राहण्याची सोय आधी करून ठेवावी.

होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याला भरणारे आदिवासी समाजाचे भोंगऱ्या बाजार आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाची राजवाडी होळी यांच्याबाबत चूक तारखेची कमी आणि वागण्याची जास्त असते. काठीची होळी रात्रभर जागून पहाटे पेटते. ज्यांनी नवस केलेला असतो ते अंगावर नक्षी रंगवून, कमरेला घुंगरू बांधून नाचतात आणि त्याआधीचे कित्येक दिवस कडक पथ्य पाळतात. त्यांना रस्त्यात अडवून सेल्फीसाठी उभे करणे म्हणजे देवघरात शिरून पूजा थांबवण्यासारखे आहे. आधी विचारावे, नाही म्हटले तर हसून बाजूला व्हावे आणि बाजारातून काहीतरी विकत घ्यावे.

जेवणाच्या चुका

ज्या भरिताने माझी फजिती केली, त्याच्यावर थोडे अधिक लिहितो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. हे वांगे मोठे आणि फिकट हिरवे असते, आणि त्याची खरी चव थंडीत उतरते. त्यात अनेक घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य असते आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ते पुन्हा चुलीवर येते. म्हणून मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस भरितासाठी धरावेत. शेतातल्या भरीत पार्टीचे निमंत्रण मिळाले तर थेट जेवायला न जाता दोन तास आधी पोहोचावे, कारण पाहण्यासारखे सगळे त्या दोन तासांतच घडते. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ एकदम भडकतो आणि लगेच बसतो, वांग्याची साल काळी पडून फुटते, सोललेला गर देठाला लोंबत असतानाच मिरची-लसणाबरोबर लाकडी पात्रात ठेचला जातो आणि मग कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे नि तेलाची फोडणी त्यात पडते. घरी हा प्रयोग करताना भरीत पाणचट होत असेल, तर सोललेली वांगी गरम असतानाच झाकून ठेवली असतील. ती चाळणीवर निथळू द्यावीत. वांगे निवडताना आकाराच्या मानाने हलके घ्यावे, जड वांग्यात बिया निघतात. भरितासोबत पोळी मागू नये, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मागावी.

खाद्यमहोत्सवात होणारी चूक वेगळी असते. बचत गटांच्या ताया उपड्या खापरावर पुरणाचे मांडे भाजतात, तेव्हा एका खापरावर एका वेळी एकच मांडा होतो. तो दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवला जातो आणि मगच खापरावर पडतो. रात्री आठला भूक घेऊन रांगेत उभे राहणारा माणूस त्यामुळे हमखास चिडतो. आल्या आल्या पहिली नोंद मांड्याची करावी, फिरावे, आणि सांगितलेल्या वेळी परत यावे. वरण-बट्टीचेही तसेच आहे, कारण बट्टी उकडून मग तळायची असते आणि घाईत केलेली बट्टी आतून कच्ची राहते.

शेवभाजी मात्र बारा महिने मिळते, पण "मध्यम तिखट" हा शब्द इथे पुण्यापेक्षा वेगळ्या अर्थाने वापरतात, त्यामुळे लहान मुले बरोबर असतील तर रस्सा आधी चमचाभर चाखून पाहावा. आणि ती बांधून न्यायची असेल तर शेव रश्श्यात घालू देऊ नका. भुसावळ स्थानकावर गाडीची वाट पाहताना मी उघडलेल्या डब्यात शेवेचा पार लगदा झाला होता; तेव्हापासून रस्सा एका डब्यात, शेव वेगळ्या पुडीत आणि कांदा-लिंबू तिसऱ्या पुडीत असे सांगूनच मी पैसे देतो.