सायकल चालवून गुडघा दुखतोय? आधी सीट बघा
गुडघा नेमका कुठे दुखतोय ते आधी बघा. पुढून, वाटीपाशी दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा फार पुढे सरकलेली असते, आणि मागून लवणीत ओढ बसत असेल तर सीट जास्त वर आहे असं समजा.

चेक करायला भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल एकदम खाली न्या, तेव्हा पाय सरळ व्हायला हवा पण कंबर एका बाजूला झुकायला नको, मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो, साधारण 25 ते 35 अंश. सीट हलवायच्या आधी सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) टेप लावून खूण करा आणि एका वेळी 3 ते 5 मिलिमीटरच हलवा, प्लीज एकदम इंचभर नको!

क्लीटवाले शूज (तळाला पॅडलमध्ये अडकणारी पट्टी, म्हणजे क्लीट, असलेले) असतील आणि गुडघा आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने दुखत असेल तर क्लीटचा अँगल बघा. आणि जड गिअर रेटत बसू नका, हलक्या गिअरवर मिनिटाला पॅडलचे 80-90 फेरे बरे.

सूज आली, गुडघा अडकायला लागला तर मात्र सायकल बंद आणि सरळ डॉक्टरकडे जा.